फुटबॉलची शिडी आणि मनोऱ्याचा वरचा मजला



आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकला विहाराशेजारच्या खोलीत संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. दहावी-बारावीची मुलं, काही पोलीस भरतीची तयारी करणारी. अभ्यास संपला की मोबाईल निघतात. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. पण अलीकडे या पोरांना इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं वेड लागलंय. बारामती तालुक्यात राहून त्यांना लंडनच्या संघांचे गुणतक्ते तोंडपाठ असतात.

गेल्या वर्षी त्यातल्या एकाने मला विचारलं, "ताई, इंग्लंडमधले खालचे तीन संघ दरवर्षी खालच्या लीगमध्ये जातात. मग आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये शेवटी आलेला संघ खाली का जात नाही?"

मी म्हटलं, "कारण तिथे खाली जायचा नियम लागूच केलेला नाही."

"मग शेवटचा नंबर आला तरी चालतं?"

"चालतं."

त्यावर बाजूला बसलेली मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्या गावासारखंच की."

सगळे हसले. मला मात्र त्या वाक्याने झोप लागू दिली नाही. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना सामाजिक गतिशीलतेवर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्या मुलीने ते एका वाक्यात सांगितलं. म्हणून हा लेख. विषय फुटबॉलचा आहे, पण प्रश्न आपला आहे.

मूकनायकातला मनोरा

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक'चा पहिला अंक काढला. त्यातल्या अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म झाला, तिथेच मरायचं. ही उपमा आपण प्रत्येक जयंतीच्या भाषणात ऐकतो.

पण भाषणात आपण अर्धीच उपमा सांगतो. बाबासाहेबांनी पुढे आणखी एक गोष्ट मांडली होती. खालचा माणूस कितीही लायक असला तरी तो वर जाऊ शकत नाही, हा एक भाग. वरचा माणूस कितीही नालायक निघाला तरी त्याला कुणी खाली आणू शकत नाही, हा दुसरा भाग. हा दुसरा भाग आपण विसरतो आणि समोरचे तर तो मुद्दाम विसरतात. म्हणून आपली सगळी चर्चा "दलितांना वर कसं आणायचं" एवढ्यावर थांबते. वरच्या मजल्यावर बसलेल्यांची लायकी कधी तपासायची, हा प्रश्न कुणी काढतच नाही.

फुटबॉलच्या लीगने हे दोन्ही प्रश्न एकाच नियमात बांधले. इंग्रजीत त्याला प्रमोशन आणि रेलिगेशन म्हणतात. आपण बढती आणि घसरण म्हणू. खालच्या श्रेणीत पहिले आलेले संघ वर जातात, वरच्या श्रेणीत शेवटी राहिलेले खाली येतात. पुढच्या हंगामात सगळ्यांचे गुण पुन्हा शून्यापासून सुरू होतात. मागच्या पुण्याईवर कुणाला एक गुणही जास्त मिळत नाही.

हा नियम कुणी खुशीने दिला नाही

हा नियम फुटबॉलच्या जन्मापासून होता, असं समजू नका. इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. तेव्हा घसरण नव्हती. शेवटच्या चार क्रमांकांच्या संघांनी पुन्हा अर्ज करायचा आणि लीगच्या सभासदांनी मत देऊन त्यांना ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं, अशी रीत होती. म्हणजे आत कोण राहणार हे आत बसलेलेच ठरवणार.

आमच्या ऊसपट्ट्यातल्या वाचकांना हे चांगलं कळेल. कारखान्यात मत द्यायला सभासद व्हावं लागतं. सभासद व्हायला शेअर लागतो, शेअरला ऊस लागतो, उसाला जमीन आणि पाणी लागतं. निरा डावा कालवा आमच्या भागातून वाहतो, पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्या दृष्टीने ते पाणी फक्त बघायचं. संस्थेचं नाव सहकारी असलं तरी दारावर कोण उभं आहे ते महत्त्वाचं.

१८९२ मध्ये इंग्लंडच्या लीगला दुसरी श्रेणी जोडली गेली. वर-खाली जाण्यासाठी परीक्षा सामने ठेवले गेले. १८९८ साली स्टोक आणि बर्नली या दोन संघांचा शेवटचा परीक्षा सामना झाला. बरोबरी झाली तर दोघेही वरच्या श्रेणीत राहणार होते. मग दोघांनी गोल करायचा प्रयत्नच केला नाही. सामना ०-० सुटला आणि प्रेक्षक संतापले. त्या बदनामीनंतर परीक्षा सामने बंद झाले आणि गुणतक्त्यावरून आपोआप बढती-घसरण सुरू झाली. नियम आला तो बड्यांच्या मनाच्या मोठेपणातून नाही. त्यांची चलाखी उघडी पडली म्हणून आला.

तरीही सगळ्यात खालचं दार बंदच होतं. लीगच्या तळाच्या श्रेणीत बाहेरच्या छोट्या क्लबाला यायचं असेल तर सभासदांची मतंच लागायची. ही पद्धत १९८६ पर्यंत चालली. १९८७ मध्ये पहिल्यांदा स्कारबरो हा संघ गुणांच्या जोरावर आपोआप लीगमध्ये आला आणि लिंकन सिटी खाली गेला. लीग सुरू होऊन तेव्हा ९९ वर्षं झाली होती. ज्यांना वाटतं की समतेचा नियम काळाच्या ओघात आपोआप येतो, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कलकत्त्यातली श्रेणीबद्ध विषमता

आता आपल्या देशात येऊ. कलकत्ता फुटबॉल लीग १८९८ साली सुरू झाली. वरची श्रेणी गोऱ्यांची होती. १९११ मध्ये मोहन बागानने अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवलं आणि आयएफए शील्ड जिंकली. तो विजय आपल्याला शाळेत अभिमानाने सांगतात. पण त्यानंतरही काही वर्षं मोहन बागानला लीगच्या पहिल्या श्रेणीत जागा नव्हती. पुढे जागा मिळाली तीही मोजून. पहिल्या श्रेणीत फक्त दोन भारतीय संघ असावेत, असा दंडक होता. मोहन बागान आणि आर्यन हे ते दोन संघ.

१९२४ साली ईस्ट बंगाल दुसऱ्या श्रेणीत अव्वल ठरला. गुणांनी तो वर जाण्यास पात्र होता. पण दोनाचा दंडक आडवा आला. मग बैठक झाली. मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. त्या बैठकीत ब्रिटिश क्लबांनी ईस्ट बंगालच्या बढतीला संमती दिली आणि विरोध केला तो मोहन बागान आणि आर्यन या दोन भारतीय क्लबांनी. शेवटी दंडक रद्द झाला आणि १९२५ मध्ये ईस्ट बंगाल पहिल्या श्रेणीत खेळला.

याला काय म्हणायचं? बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं आहे. साध्या विषमतेत एक वरचा आणि एक खालचा असतो, त्यामुळे खालचे सगळे एकत्र येऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतं. म्हणून मधल्या पायरीवरचा माणूस वरच्याशी भांडण्याऐवजी खालच्याचा पाय ओढतो. ज्यांनी स्वतः दाराबाहेर उभं राहून अपमान सोसला, तेच आत गेल्यावर कडी लावू लागतात. हे वाचून फक्त इतरांकडे बोट दाखवू नका. आपल्यातही शिकून शहरात गेलेले, फ्लॅट घेतलेले लोक गावातल्या वस्तीशी आणि आपल्याहून मागे राहिलेल्या जातींशी कसं वागतात, हे आपल्याला माहीत आहे.

पण शिडी उघडी झाली की काय होतं, तेही कलकत्त्यानेच दाखवलं. मोहमेडन स्पोर्टिंग हा मुस्लिम समाजाचा क्लब १९३३ साली दुसरी श्रेणी जिंकून वर आला. १९३४ मध्ये, पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच हंगामात, त्याने लीग जिंकली. तोवर एकाही भारतीय क्लबाला ते जमलं नव्हतं. मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं तोच विजेता. याचा अर्थ असा, की तो संघ खालच्या श्रेणीत होता तेव्हाही त्याच्यात विजेता व्हायची ताकद असणार. श्रेणी खालची होती, कुवत खालची नव्हती. श्रेणी आणि कुवत या दोन गोष्टी एकच आहेत असं सांगण्याचं काम मनुस्मृतीने केलं, आणि आज तेच काम 'मेरिट'वाले करतात.

त्याच काळात आपल्या मुंबईत क्रिकेटचा मोठा सोहळा होता तो चौरंगी सामन्यांचा. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम असे संघ. तिथे संघ जन्मावरून ठरायचा. पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करताना इंग्रजांना गोलंदाजी टाकणारे पळवणकर बाळू देशातले सर्वोत्तम गोलंदाज मानले गेले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेही बराच वाद झाल्यानंतर. जन्मावर संघ उभारला की संघाच्या आतही जन्मच मोजला जातो.

पुण्याचे तीन संघ : एक शिडीने, दोन लिफ्टने

आता आपल्या पुणे जिल्ह्याची गोष्ट. ही फार जुनी नाही, पण फार थोड्यांना माहीत आहे.

२००७ साली देशात आय-लीग सुरू झाली. तिच्याखाली दुसरी श्रेणी होती. त्याच वर्षी पुण्यात पुणे एफसी हा क्लब स्थापन झाला. तो दुसऱ्या श्रेणीत खेळला, तिथून बढती मिळवून २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. मागे पिरामल उद्योगसमूहाचा पैसा होता, हे खरं. पण वर चढताना तो पायऱ्या चढून गेला.

त्यानंतर महासंघाने दुसरा रस्ता काढला. मोठ्या कंपन्यांच्या संघांना थेट प्रवेश. खालच्या श्रेणीत खेळायची गरज नाही. शिवाय सुरुवातीच्या काळात घसरणीतून सूट. म्हणजे शिडीऐवजी लिफ्ट, आणि वर पोचल्यावर खाली न उतरण्याची हमी. बंगळुरू एफसी २०१३-१४ मध्ये असाच थेट आला आणि पहिल्याच हंगामात विजेता झाला, हे मान्य करायला हवं. पण पुण्यात काय झालं ते पाहा.

२०१४-१५ च्या हंगामात कल्याणी उद्योगसमूहाचा भारत एफसी हा पुण्याचा संघ थेट प्रवेशाने आला. ११ संघांच्या लीगमध्ये तो शेवटचा, अकरावा आला. दहावा होता गोव्याचा डेम्पो. डेम्पो म्हणजे राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचा विजेता. नियमाने अकरावा खाली जायला हवा होता. पण अकराव्याला सूट होती. म्हणून दहाव्या डेम्पोला खाली ढकललं. आणि ज्याला वाचवलं, त्या भारत एफसीने त्याच वर्षी गाशा गुंडाळला.

एकदा झालं तर चूक म्हणू. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. २०१५-१६ मध्ये पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स हा संघ थेट प्रवेशाने आला आणि नऊ संघांत नववा ठरला. आठवा होता मिझोरामचा ऐझॉल एफसी, जो दुसऱ्या श्रेणीतून खेळून वर आला होता. नवव्याला सूट, म्हणून आठव्याची घसरण. पायऱ्या चढून आलेल्याला ढकललं आणि लिफ्टने आलेल्याला जपलं.

पुढे जे घडलं ते तर कुणी गोष्टीत लिहिलं तरी खोटं वाटावं. २०१६ मध्ये आयएसएलला देशाची पहिली लीग करायचा प्रस्ताव आला. त्याच्या निषेधार्थ डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. जागा रिकाम्या झाल्या, म्हणून ऐझॉलला परत घेतलं गेलं. त्यांनी प्रशिक्षक नेमले खालिद जमील, ज्यांना मुंबई एफसीने सात हंगामांनंतर निरोप दिला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजोंगशी १-१ अशी बरोबरी करून ऐझॉल एफसी देशाचा विजेता झाला. ईशान्य भारतातला पहिला. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटची आली आणि तिची घसरण झाली. आणि २०२५ मध्ये याच खालिद जमील यांना भारतीय संघाचे प्रशिक्षक नेमण्यात आलं.

एका वर्षापूर्वी ज्याला "तुम्ही या श्रेणीच्या लायक नाही" म्हणून खाली लोटलं, तोच देशात सर्वोत्तम निघाला. ज्याला वाचवलं, तो डीएसके शिवाजियन्स त्या हंगामानंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. पुणे एफसी तर २०१५ मध्येच बाहेर पडला होता. मला या तीन संघांच्या खेळाडूंचं वाईट वाटतं. ती पोरं मेहनतीचीच होती. दोष त्यांचा नाही, दोष त्या हमीचा आहे.

वर न्यायला तयार, खाली यायला नाही

२०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने रिलायन्स आणि आयएमजी यांच्या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. आठ फ्रँचायझी, खाली दार नाही, वर छत पक्कं. फ्रँचायझी म्हणजे विकत घेतलेली जागा. ती खेळून मिळत नाही, आणि हरून जात नाही. पैसा संपला तरच जाते. पुण्याची एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाली आणि ती जागा हैदराबादला गेली. पुण्यातल्या क्लबांना विचारलंही गेलं नाही, कारण ते त्या मनोऱ्यात नव्हतेच.

२०१९ मध्ये आशियाई महासंघाने आराखडा मंजूर केला. आयएसएल अधिकृतपणे पहिली लीग, आय-लीग दुसरी. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला बढती. आणि २०२४-२५ पर्यंत बढती-घसरण पूर्णपणे लागू करायची शिफारस. मधल्या काळात गोकुळम केरळ २०२०-२१ आणि २०२१-२२ असे सलग दोनदा आय-लीग जिंकला. त्याला बढती नाही. मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारखे मोठे क्लब मात्र २०२० मध्ये गुंतवणूकदार घेऊन आत गेले. २०२३ मध्ये राउंडग्लास पंजाब हा गुणांवर वर गेलेला पहिला संघ ठरला. २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग गेला, तोच १९३४ वाला. २०२४-२५ चा आय-लीगचा विजेता कोण, हे तर मैदानाऐवजी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादात ठरलं.

आता घसरण बघा. २०२४-२५ मध्ये मोहमेडन आयएसएलमध्ये शेवटचा आला. तोही खाली गेला नाही. त्या हंगामाच्या अखेरपर्यंत आयएसएलमधून गुणांवरून एकही संघ खाली आलेला नाही. थोडी बढती सुरू झाली, घसरण अडूनच राहिली.

माझा मुद्दा इथे आहे. प्रस्थापितांना आपल्यातला एखादा वर येण्याची भीती नसते. एखादा आला तर ते त्याचा सत्कार करतात, फोटो काढतात, "बघा, आमच्याकडे भेदभाव नाही" म्हणून सांगतात. त्यांना भीती वाटते ती स्वतः खाली जाण्याची. म्हणून कुठल्याही व्यवस्थेची परीक्षा करायची असेल तर तिथे खालचे किती वर आले एवढंच विचारू नका. वरचा शेवटचा खाली येतो का, ते विचारा.

युरोपातही हेच झालं. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या १२ श्रीमंत क्लबांनी सुपर लीगची घोषणा केली. तिच्यात १५ संस्थापक क्लबांना कायमची जागा असणार होती. इंग्लंडचे सामान्य प्रेक्षक आपल्याच क्लबांच्या विरोधात रस्त्यावर आले. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. आपला क्लब कायमचा वर राहावा, असं त्या प्रेक्षकांना वाटलं नसेल का? पण न हरता मिळालेल्या जागेला किंमत नसते, हे त्यांना कळलं होतं.

"मग आरक्षण म्हणजे काय थेट प्रवेशच ना?"

हा लेख वाचून कुणीतरी हे म्हणणार. व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायला सोपं जावं म्हणून इथेच मांडते.

पहिली गोष्ट, थेट प्रवेश मिळाला तो कुणाला? ज्यांच्याकडे आधीच भांडवल होतं त्यांना. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या कुणासाठी? ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळेच्या दारात उभं केलं नाही त्यांच्यासाठी. एक सूट शिडी टाळण्यासाठी आहे, दुसरी तरतूद शिडीपर्यंत पोचण्यासाठी.

दुसरी गोष्ट, थेट प्रवेशाच्या संघाला शेवटचा येऊनही घसरणीतून सूट होती. आरक्षणाने शिकलेल्या विद्यार्थ्याला नापास झाल्यावर पदवी मिळते का? वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा त्याला सगळ्यांसारखीच पास व्हावी लागते. आरक्षण सुरुवातीची पायरी देतं, शेवटचा क्रमांक माफ करत नाही.

तिसरी गोष्ट, जे लोक रोज मेरिटच्या नावाने गळा काढतात, ते खऱ्या थेट प्रवेशाबद्दल गप्प असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने ४५ मोठ्या पदांसाठी लॅटरल एंट्रीची जाहिरात काढली. त्यात आरक्षण नव्हतं. देशभर विरोध झाल्यावर तीनच दिवसांत ती मागे घेतली गेली. आपण त्यावर बोललो म्हणून ती मागे गेली. भरमसाट फी भरून मिळणाऱ्या जागा आणि आडनावावर मिळणारी तिकिटं यांचा हिशोब मात्र अजून कुणी मागत नाही.

शिडीच्याही मर्यादा आहेत

इथे मी फुटबॉलची आरती ओवाळत नाही. शिडी असली तरी पैसा वजन टाकतोच. इंग्लंडमध्ये २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षं खालून वर आलेले तिन्ही संघ लगेच पुन्हा खाली गेले. लेस्टर सिटी २००८-०९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत होता, २०१६ मध्ये तो इंग्लंडचा विजेता झाला, आणि २०२३ मध्ये पुन्हा घसरला. पण अशी उदाहरणं थोडी. डेम्पोही काही गरिबांचा क्लब नव्हे, तो गोव्यातल्या एका मोठ्या उद्योग घराण्याचा. आणि आपल्याकडे वरच्या श्रेणीचा परवाना मिळवायला मैदान, अकादमी, पगारी प्रशिक्षक अशा अटी लागतात. या अटी खेळाडूंच्या भल्याच्या आहेत. पण त्या पुऱ्या करायला खालच्या क्लबांना कुणी हात देणार नसेल, तर शिडीच्या तळाला टोल नाका बसल्यासारखं होतं.

दुसरी मर्यादा मोठी आहे. बाबासाहेबांनी शेवटी मनोऱ्याला शिडी लावा असं सांगितलं नाही. १९३६ मध्ये त्यांनी जातिनिर्मूलन मांडलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांना घेऊन ते त्या मनोऱ्यातून बाहेर पडले. वर जाऊन दुसऱ्याच्या डोक्यावर बसणं हे आपलं ध्येय नाही. लीगमध्ये श्रेणी खेळापुरती असते, माणसाची किंमत ठरवायला नसते. ही सीमा आपण सोडली तर आपणही उद्या १९२४ च्या बैठकीत विरोधाचा हात वर करणारे होऊ.

म्हणून मला या विषयाचा विचार करताना उपाली आठवतो. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला भगवान बुद्धांकडे गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालीही होता. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हती. जो आधी भिक्खू झाला तो ज्येष्ठ, नंतरच्याने त्याला वंदन करायचं. राजकुमारांनी स्वतः विनंती केली की उपालीला आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा कुळाचा अहंकार जाईल. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपालीच्या दीक्षेला जागा दिली आहे.

आपण ही गोष्ट "न्हाव्यालाही संघात घेतलं" अशी सांगतो. पण तिचं अर्धं बळ राजकुमारांच्या वागण्यात आहे. उपाली वर आला आणि त्याच क्षणी राजकुमार खाली उतरले, तेही स्वतःहून. बढती आणि घसरण एकदमच झाली. पुढे हाच उपाली विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, सर्वांत मोठा जाणकार मानला गेला. नियम सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे आला, हे विसरू नका.

आपण काय करायचं?

कार्यकर्त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गावातली शाळा समिती असो, सोसायटी असो, तालुक्याची क्रीडा संघटना असो की आपलीच जयंती समिती असो, तिथे दोन प्रश्न विचारायला शिका. खालून वर यायचा नियम कागदावर आहे का? आणि वर बसलेल्याला काम न केल्याबद्दल पायउतार करायचा नियम आहे का? पहिल्या प्रश्नाला लोक आनंदाने उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाला बैठक शांत होते. ती शांतता जिथे दिसेल तिथे आपलं काम आहे. आपल्या स्वतःच्या समितीत ती दिसली तर काम तिथूनच सुरू करा. पंधरा-पंधरा वर्षं एकच अध्यक्ष असलेल्या जयंती समित्या मीही पाहिल्या आहेत.

अभ्यासिकेतल्या पोरांनी आता आपल्या कबड्डीच्या दोन गटांना हाच नियम लावलाय. दर महिन्याला 'ब' गटातले पहिले दोघे 'अ' मध्ये, 'अ' मधले शेवटचे दोघे 'ब' मध्ये. पहिल्या महिन्यात खाली गेलेला एक मुलगा दोन दिवस रुसून आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला, 'ब' गटात जिवाच्या आकांताने खेळला आणि पुढच्या महिन्यात वर गेला. ज्या मुलीने "आपल्या गावासारखंच की" म्हटलं होतं, ती आता गुणांची वही सांभाळते. वहीत खाडाखोड चालत नाही, आणि कुणाच्या बापाचं नाव चालत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!